गाडी बदलायची? आधी तीन रकाने आखा

रात्रीची भांडी आवरून रेडिओजवळ बसला असाल, किंवा शेंगा फोडता फोडता ऐकत असाल. आज गाडीबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, गाडीचं आणि आपलं काय? ते काम घरातल्या दादांचं, भाऊजींचं. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत आम्हीही असंच म्हणत होतो.

आमचा गट मंगळवेढा तालुक्यातला, बारा जणींचा. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी सगळ्यांना माहीत आहे. त्याच ज्वारीच्या कडक भाकरी आणि सोबत शेंगाचटणी, हा आमचा धंदा. माल आठवड्यातून दोनदा सोलापूरला जातो, एकदा पंढरपूरला. त्यासाठी आमच्याकडे एक जुनी व्हॅन होती. सेकंडहँड घेतलेली, सरकत्या दाराची. दिसायला पार गेलेली, पण तिनं आम्हाला धंदा शिकवला.

गेल्या पावसाळ्यात सोलापूरहून परत येताना त्या व्हॅनचा ब्रेक खाली गेला. गाडीत तिघी जणी आणि एकीची सहा वर्षांची लेक. आमच्या चालक ताईंनी डोकं शांत ठेवलं, गिअर खाली घेतले, हँडब्रेक ओढला आणि गाडी रस्त्याकडेच्या बांधाला टेकवली. सगळ्या वाचल्या. पण लेक आईच्या मांडीवर होती, पट्टा नव्हता. तिच्या कपाळाला तीन टाके पडले. त्या रात्री गटाच्या बैठकीत कुणी फार बोललं नाही. ठराव एका ओळीचा झाला: ही गाडी आता बदलायची.

पण कोणती घ्यायची? तिथून खरी गंमत सुरू झाली.

बारा जणी, बारा गाड्या

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपापल्या मनातली गाडी सांगितली. एकीला भाच्याकडे आहे तशी उंच, रुबाबदार गाडी हवी होती. एकीला टपावर उघडणारी काच. एक काकू म्हणाल्या, काही नको, आहे तसलीच डबा गाडी बघा, स्वस्तातली.

उंच गाडीवाल्या ताईंचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेलं नाही. त्या म्हणाल्या, "प्रदर्शनाला गेलो की गेटवरचा माणूस गाडी बघून आपल्याला मागच्या दारानं पाठवतो. चांगल्या गाडीतून आलेल्याला पुढून सोडतो. आपण काय चोरीचा माल आणतो का?" हे खरं होतं. गाडीच्या दिसण्यात मान असतो, आणि मान आपल्यालाही हवा असतो.

मग आमच्या सचिव ताईंनी वही उघडली. गटाच्या हिशेबाला आपण रकाने आखतो ना, तसे तीन रकाने आखले. पहिला कामाचा, दुसरा जिवाचा, तिसरा हौसेचा. म्हणाल्या, "गाडीतली जी जी गोष्ट तुम्हाला हवी आहे, ती यातल्या एका रकान्यात लिहा. हौसेचा रकाना वाईट नाही. पण हौस कामाच्या रकान्यात घुसवायची नाही."

आज सांगायची मुख्य गोष्ट हीच. बाकी सगळं या तीन रकान्यांचं स्पष्टीकरण आहे.

कामाचा रकाना: क्रेट घेऊन शोरूममध्ये

कामाचा रकाना भरायला आम्ही गाड्या बघितल्या नाहीत, आमची वही बघितली. एका फेरीला किती माल, किती जणी, किती किलोमीटर, कसला रस्ता?

कडक भाकरीचं असं आहे की वजन थोडं, पण जागा फार लागते. शिवाय हादरा बसला की तुकडे. म्हणून आम्हाला ओझं ओढणारी ताकदवान गाडी नको होती. आम्हाला पोट मोठं, दार रुंद आणि चाल मऊ असलेली गाडी हवी होती. तुमचा धंदा दुधाचा असेल, भाजीचा असेल, तर तुमचा रकाना वेगळा निघेल. शेजारच्या गटानं घेतली म्हणून तीच गाडी घेऊ नका.

शोरूमला जाताना आम्ही आमचे सहा क्रेट सोबत नेले. सोबत एका ताईंचे दीर होते. विक्रेत्या मुलानं चावी सरळ भाऊजींच्या हातात दिली. भाऊजी बिचारे म्हणाले, "मला कशाला? गाडी या ताई चालवणार." मुलगा ओशाळला, पण मग नीट बोलायला लागला. तेव्हा चालवणारी बाई सोबत न्याच, आणि चावी तिच्याच हातात द्यायला सांगा.

दोन गाड्या समोरासमोर होत्या. एक उंच, पाठीमागून उतरत्या टपाची, झोकदार. दुसरी डब्यासारखी, पाठ सरळ. कागदावर झोकदार गाडीची डिकी मोठी होती. डिकीची जागा लिटरमध्ये सांगतात. पण क्रेट ठेवायला गेलो तर उतरत्या टपामुळे डिकीचं तोंड अरुंद. क्रेट आडवा जाईना, उभा केला तर काच लागेना. सरळ पाठीच्या गाडीत मागची अर्धी सीट पाडून सहाही क्रेट बसले आणि दोघींना बसायला जागा उरली. कागदावरचा लिटरचा आकडा पोटाचा असतो, तोंडाचा नाही.

मागची सीट कशी पडते तेही विचारा. काही गाड्यांत ती अखंड पाडावी लागते, मग मागे माणूस बसत नाही. काहींत दोन भागांत पडते, त्याला साठ-चाळीस म्हणतात. माल आणि माणसं एकदम न्यायची असतील तर ही सोय कामाची. मात्र क्रेट दोरीनं बांधा. जोरात ब्रेक मारला तर मागचा क्रेट पुढच्या बाईच्या मानेवर येतो.

कामाच्या रकान्यातल्या आणखी चार गोष्टी सांगतो.

एक, चढायची पायरी. आमच्या एका मावशींचे गुडघे दुखतात. लुगडं सावरत उंच गाडीत चढताना त्यांना दोघींनी हात द्यावा लागला. सगळ्यात वयस्क बाईला आधी चढवून-उतरवून बघा.

दोन, पोटाची जमिनीपासूनची उंची, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. कंपनी सांगते तो आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पाच जणी बसल्या, माल भरला की गाडी दबते. आम्ही भरलेली गाडी घेऊन गतिरोधकावरून गेलो, मगच होकार दिला.

तीन, मायलेज. कंपनीचा आकडा ठरावीक चाचणीतला असतो, आपल्या रस्त्यावर तो कमीच पडतो. तीच गाडी दोन-तीन वर्षं वापरणाऱ्या माणसाला विचारा. आम्हाला कागदावरच्या आकड्यापेक्षा कमी, लिटरला १८ किलोमीटर असं उत्तर मिळालं. हिशेब आम्ही तोच धरला.

चार, सीएनजी. खर्च कमी हे खरं, पण सिलेंडर डिकीत जागा खातो, दर तीन वर्षांनी त्याची तपासणी करून घ्यावी लागते आणि जवळ पंप हवा. आम्हाला डिकीच हवी होती, म्हणून आम्ही पेट्रोल घेतलं. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं.

दिसणं कधी नुसतं दिसणं नसतं

आम्हाला वाटलं होतं, गाडीचा आकार म्हणजे हौसेचा रकाना. तसं नाही. आकारातल्या काही गोष्टी थेट जिवाच्या रकान्यात जातात.

आमच्या चालक ताई चार फूट अकरा इंच. उंच गाडीत बसल्या तर रुबाब मोठा, पण समोर बॉनेटचा डोंगर. आम्ही गाडीच्या पुढे एकावर एक क्रेट रचून लहान मुलाएवढी उंची केली आणि ताईंना विचारत क्रेट मागे मागे नेले. ते दिसायला लागले तेव्हा गाडीपासून सहा-सात हात लांब गेले होते. दुसऱ्या गाडीत तीन हातांवरच दिसले. आपल्या अंगणात, शाळेसमोर पोरं कशी गाडीपुढे येतात ते तुम्हाला सांगायला नको.

मागच्या काचेचंही तसंच. झोकदार गाडीची मागची काच म्हणजे चुलीवरच्या झरोक्याएवढी. मुलगा म्हणाला, "मॅडम, त्यासाठी कॅमेरा आहे, वरच्या मॉडेलमध्ये." म्हणजे आधी काच लहान करायची आणि मग कॅमेरा विकायचा. कॅमेरा चांगलाच, पण चिखलानं माखला की तो आंधळा. काच मोठी असेल तर पदरानं पुसली तरी दिसतं.

चालवणारीनं सीट पुढे घेऊन, वर करून बघावी. क्लच पूर्ण दाबताना गुडघ्याला किंचित वाक राहायला हवा. पायाच्या बोटांवर गाडी चालवायची पाळी आली तर ती गाडी आपली नाही. स्टेअरिंगला अगदी छाती टेकवूनही बसू नये, वीतभरापेक्षा जास्त अंतर ठेवावं. एअरबॅग फुगायला जागा लागते.

मोठ्या पडद्याचंही बघा. काही गाड्यांत पंख्याचा वेगसुद्धा पडद्यावर बोट लावून बदलावा लागतो. त्यासाठी नजर रस्त्यावरून काढावी लागते. गोल फिरवायचं बटण हाताला आपोआप सापडतं.

आणि चाकं. चकचकीत अलॉय आणि पातळ टायर दिसायला छान. पण टायर जितका पातळ, तितका खड्ड्याचा हादरा आत येतो. आमच्या भाकरीचं त्यात पीठ झालं असतं. लोखंडी रिम वाकली तर पंक्चरवाला ठोकून सरळ करतो. अलॉय तडकलं तर बहुतेक वेळा नवंच घ्यावं लागतं.

जिवाचा रकाना: यात घासाघीस नाही

त्या तीन टाक्यांमुळे या रकान्याबद्दल आमच्यात वाद झाला नाही.

काही गोष्टी आता कायद्यानंच नव्या गाडीत येतात. एबीएस नावाचे ब्रेक एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. जोरात ब्रेक दाबला तर चाकं जाम होऊन गाडी घसरते. एबीएस चाकं जाम होऊ देत नाही, त्यामुळे स्टेअरिंग वळवता येतं. जुलै २०१९ पासून मागे घेताना वाजणारा सेन्सर, पट्ट्याची आठवण आणि वेगाचा इशारा सक्तीचा झाला. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग जानेवारी २०२२ पासून सगळ्या नव्या मोटारींत आहेत. सेकंडहँड गाडी बघत असाल तर ही वर्षं वहीत लिहून ठेवा. २०१८ ची गाडी लाखभर स्वस्त मिळेल, पण तिच्यात यातलं काय नाही ते आधी बघा.

दोनपेक्षा जास्त एअरबॅग आहेत का, मागच्या तिन्ही सीटना खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, हे विचारा. एअरबॅग पट्ट्याच्या जोडीला असते, पट्ट्याच्या ऐवजी नाही. पट्टा न लावता एअरबॅग फुगली तर तिचाच मार लागू शकतो. आणि लेकरू मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर कधीच बसू नका. आम्ही ही शिकवण महागात घेतली आहे.

ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप नावाची चाचणी सुरू झाली. गाडी मुद्दाम आदळवून बघतात आणि शून्य ते पाच तारे देतात. मोठ्यांसाठी वेगळे, लहान मुलांसाठी वेगळे. ही चाचणी कंपनीला सक्तीची नाही, म्हणून प्रत्येक गाडीला तारे नसतील. पण तारे आहेत का, कोणत्या वर्षी मिळाले, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

गाडी घरी आणल्यावरही जिवाचा रकाना बंद होत नाही. पुढे लोखंडी गार्ड बसवू नका. ते बेकायदा आहे, आणि धडकेचा धक्का पाहिजे तसा पोहोचला नाही तर एअरबॅग वेळेवर फुगेलच असं नाही. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर तिला चालणारंच कव्हर घाला, नाहीतर कव्हरखाली ती अडकते.

पैसा: पाचशे रुपयांची गोष्ट

आता आपल्या आवडीचा विषय, हिशेब.

जाहिरातीत असते ती एक्स-शोरूम किंमत. आपल्याला द्यावी लागते ती ऑन-रोड. आमच्या गाडीची एक्स-शोरूम ५,६०,०००. त्यावर रस्ता कर. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के, म्हणजे ६१,६००. विमा ३२,०००. नोंदणी, फास्टॅग वगैरे ६,४००. एकूण ६,६०,०००. प्रत्येक आकडा वेगळा लिहून मागा. आमच्या पहिल्या कागदावर १८,००० चं 'ॲक्सेसरी पॅकेज' होतं. ते सक्तीचं नसतं, आम्ही खोडायला लावलं. विमाही शोरूमचाच घ्यावा अशी सक्ती नाही. बाहेरून दर काढून आणा. दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा नव्या मोटारीला तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, आपल्या गाडीच्या नुकसानीचा मात्र दरवर्षी बदलता येतो.

एक बदल माहीत असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांब आणि १,२०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या पेट्रोल मोटारींवर जीएसटी १८ टक्के झाला. त्याहून मोठ्या पेट्रोल गाड्यांवर ४० टक्के आहे. ऐसपैस दिसणं इथेही महाग पडतं.

पैसे असे उभे केले: जुन्या व्हॅनचे ६०,०००, गटाच्या बचतीतले २,००,००० आणि कर्ज ४,००,०००. कर्जात आम्ही फसता फसता वाचलो. एकानं सांगितलं, "ताई, फक्त दहा टक्के, सपाट दर, पाच वर्षं." दुसरीकडेही दहा टक्केच, पण घटत्या शिलकीवर. ऐकायला दोन्ही सारखे. सपाट दरात हप्ता १०,००० येतो आणि पाच वर्षांत व्याज २,००,०००. घटत्या शिलकीवर हप्ता साधारण ८,५०० आणि व्याज १,१०,००० च्या आत. कारण सपाट दरात तुम्ही फेडलेल्या रकमेवरही शेवटपर्यंत व्याज भरता. तो दहा टक्क्यांचा सपाट दर खरं तर सव्वासतरा टक्क्यांच्या आसपास पडतो. गटातल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही, पण शोरूमच्या गार हवेत आपण विसरतो.

मग महिन्याचा ताळा केला. व्हॅन बंद होती तेव्हा भाड्याच्या टेंपोला सोलापूरच्या आठ फेऱ्यांचे २,२०० प्रमाणे १७,६०० आणि पंढरपूरच्या चार फेऱ्यांचे १,००० प्रमाणे ४,०००. एकूण २१,६००. नवी गाडी घेतली तर हप्ता ८,५००, बाराशे किलोमीटरचं पेट्रोल साधारण ७,०००, विमा आणि सर्व्हिसिंगसाठी बाजूला २,०००. झाले १७,५००. सगळ्या खूश. तेवढ्यात चालक ताई म्हणाल्या, "आणि माझी मजुरी?"

गप्प झालो आम्ही. घरात आपलं काम कुणी धरत नाही म्हणून आपण तक्रार करतो, आणि इथे आम्हीच तिचं काम धरलं नव्हतं. फेरीला ३०० प्रमाणे बारा फेऱ्यांचे ३,६०० लिहिले. एकूण २१,१००. म्हणजे महिन्याला बचत फक्त ५०० रुपये.

आणि याच ५०० रुपयांनी आमचा सगळा वाद मिटवला. त्याच गाडीचं वरचं मॉडेल ७०,००० नं महाग होतं. त्यात मोठा पडदा, अलॉय चाकं, चामड्यासारख्या सीटा. एअरबॅग आणि पट्टे दोन्ही मॉडेलांत सारखेच, हे आम्ही लेखी विचारून घेतलं. ते ७०,००० कर्जात घातले की हप्ता जवळपास १,५०० नं वाढतो. म्हणजे महिन्याला हजाराचा तोटा. उंच गाडी तर त्याहून पुढची. सपाट दराचं कर्ज घेतलं असतं तरी तेवढाच तोटा. भाकरी विकून पडद्याचे हप्ते भरायचे का, असं सचिव ताईंनी विचारलं आणि बारा हात खालच्या मॉडेलसाठी वर झाले.

पण लक्षात घ्या, तुमच्या बघण्यातल्या गाडीत जिवाची एखादी गोष्ट फक्त वरच्या मॉडेलमध्ये असू शकते. तेव्हा खालचं घेऊन पैसे वाचवले असं समजू नका. मग वरचं तरी घ्या, नाहीतर दुसरी गाडी बघा.

नाव कुणाचं, पाटी कोणती

आमचा गट नोंदणीकृत संस्था नाही, म्हणून गाडी अध्यक्ष ताईंच्या नावावर घेतली. पैसा बारा जणींचा आहे, हे ठरावात आणि सह्या केलेल्या करारात लिहून ठेवलं. नोंदणीच्या वेळी वारस नेमता येतो, २०२१ पासून तशी सोय आहे. उद्या काही बरं-वाईट झालं तर गाडी कुणाकडे जाईल हे आजच गोड बोलून ठरवा.

आमची पाटी पांढरी आहे. माल आमचा, बायका आमच्या. अडल्या-नडलेल्या बाईला दवाखान्यात नेतो, पण भाडं घेत नाही. पांढऱ्या पाटीवर भाडं घेतलं तर कायदा मोडतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. भाड्याचा किंवा रोजच्या जड मालाचा धंदा करायचा असेल तर सरळ पिवळ्या पाटीची गाडी घ्या. चालवायचा परवाना मोटारीचाच असला तरी ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला तो चालतो, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

जुनी देताना

शोरूमनं व्हॅनचे ४५,००० सांगितले. बाहेर तिघांना दाखवल्यावर ६०,००० आले. ब्रेकचं झालं ते आम्ही घेणाऱ्याला आधीच सांगितलं आणि दुरुस्तीची पावती दाखवली. आपल्या गळ्यातलं संकट गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नाही.

पैसे हातात आले म्हणजे सुटलो असं नाही. नोंदणीवर आपलं नाव असेपर्यंत त्या गाडीच्या अपघाताची भरपाई आपल्यावर येऊ शकते. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललं का, ते बघेपर्यंत पाठ सोडू नका. जुनं कर्ज फेडलं असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवा. आणि जुन्या विम्यावर दावा केला नसेल तर मिळणारी सूट, नो क्लेम बोनस, नव्या गाडीच्या विम्यात वळवून घ्या. ती २० पासून ५० टक्क्यांपर्यंत असते. फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळते, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

आणि हौस?

आता म्हणाल, म्हणजे हौसेचा रकाना कोराच ठेवला का? नाही मैत्रिणींनो.

शोरूममध्ये पांढरी गाडी तयार होती. पांढरी उन्हात कमी तापते, हे कामाचं. पण एक डाळिंबी रंगाचीही होती, त्या रंगाला ६,००० जास्त. उंच गाडीवाल्या ताई तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत.

बैठकीत आम्ही तो रंग हौसेच्या रकान्यात लिहिला. कर्जात घातला नाही, गटाच्या पैशात घातला नाही. बारा जणींनी आपापल्या पदरचे ५०० काढले. डबा गाडी म्हणणाऱ्या काकूंनी सगळ्यात आधी काढले. हौस करावी, पण ती हौस आहे हे ओळखून, आणि परवडेल तेवढ्या रोख पैशात.

परवा ती डाळिंबी गाडी घेऊन आम्ही प्रदर्शनाला गेलो. गेटवरच्या माणसानं काच खाली घ्यायला सांगितली, आत बघितलं. चालवायला बाई, शेजारी बाई, मागे क्रेट. त्यानं विचारलं, "मालक कुठं आहेत?" चालक ताई म्हणाल्या, "बारा आहेत. दोघी समोर बसल्यात." त्यानं दोरी सोडली, पुढच्या दाराची.

आणि ती सहा वर्षांची लेक आता गाडीत बसली की आधी पट्टा लावते आणि मग सगळ्यांना विचारते, "तुम्ही लावला का?"

जाता जाता, वहीत उतरवून घ्या:

१. चालवणारी बाई, सगळ्यात वयस्क बाई आणि आपला माल, तिन्ही शोरूमला न्या.
२. चालवणारीला समोर आणि मागे किती दिसतं, ते क्रेट ठेवून मोजा.
३. एअरबॅग किती, पट्टे किती, हे मॉडेलप्रमाणे लेखी घ्या.
४. ऑन-रोड किमतीचा प्रत्येक आकडा वेगळा मागा.
५. व्याज सपाट की घटत्या शिलकीवर, एकूण व्याज किती, हे विचारा.
६. महिन्याच्या हिशेबात चालवणारीची मजुरी धरा.
७. गाडी दिवसाउजेडी ताब्यात घ्या. चासी आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवा, बनवल्याचा महिना बघा, स्टेपनी आहे का बघा. टायरवरचे चार अंक वाचा: ३४२५ म्हणजे २०२५ सालचा ३४ वा आठवडा.
८. त्याच दिवशी सही करू नका. घरी या, रकाने पुन्हा वाचा, मग ठरवा.

तुमच्या गटाची गाडी घ्यायची असेल तर आमची वही बघायला या. क्रेटही देऊ. नमस्कार.